विषय : मुलाखत पुढे ढकलणेबाबत

मराठी समीक्षेने कादंबरीचे कौतुक केले, कवितेची चिरफाड केली, नाटकाला तर तिसरी घंटा झाल्यापासून पडदा पडेपर्यंत धारेवर धरले. पण ज्या वाङ्मयप्रकाराचा लेखक घरटी एक तरी सापडतो आणि ज्याचा वाचक हातात लाल पेन घेऊनच वाचायला बसतो, त्या 'अर्ज' नावाच्या प्रकाराकडे तिने ढुंकूनही पाहिलेले नाही. ही उणीव भरून काढायला माझ्याइतका लायक माणूस मिळणे कठीण. मी बी.कॉम. आहे, म्हणजे वाङ्मयाविषयीचे पूर्वग्रह माझ्याजवळ नाहीत. आणि बँकेत कारकून आहे, म्हणजे वाचन अफाट आहे. पासबुक हरवल्याचा अर्ज, सही जुळत नसल्याचा अर्ज, खात्यातून नवऱ्याचे नाव काढण्याचा अर्ज आणि आठ दिवसांनी तेच नाव पुन्हा घालण्याचा अर्ज (ही सुखांतिका की शोकांतिका, हे मला अजून ठरवता आलेले नाही) असले साहित्य मी रोज काउंटरच्या आतल्या बाजूला बसून वाचतो. प्राध्यापकांना वर्षाकाठी दोन संग्रह वाचून होतात. माझे जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेवढे होते.

या सगळ्या साहित्यात लिहायला सर्वांत अवघड असा एक अर्ज आहे. नोकरीच्या मुलाखतीला बोलावणे आलेले आहे, जायची इच्छा आहे, गरज तर इच्छेपेक्षाही मोठी आहे. पण तयारी झालेली नाही. तेव्हा तारीख दोन-चार दिवस पुढे न्यावी, असे नम्रपणे कळवायचे. वाचायला सोपे वाटते, पण लिहून पाहा. पहिल्या ओळीत नम्रता जमते, दुसरीत लाचारी डोकावते, तिसरीत थाप येते आणि चौथ्या ओळीला आपण 'कळावे' म्हणून मोकळे होतो.

शाळेत आमचे मराठीचे सर सांगत, की मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत : यश, द्रव्यप्राप्ती, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ आनंद आणि कांतेने करावा तसा गोड उपदेश. आता बघा, या एका अर्जात यश आहे, पगार आहे, व्यवहार आहे आणि नापास होण्याचे अमंगल टळणेही आहे. होकार आला तर तत्काळ आनंद आहे. राहता राहिला कांतेचा उपदेश, तो अर्ज लिहीत असताना खांद्यावरून मिळतच असतो. "अहो, आधी पाठवा तरी!" सहाच्या सहा प्रयोजने साधणारी कविता कुणी मला दाखवावी.

पण मुळात आपली भाषाच या कामाला राजी नाही. सभा असेल तर ती 'तहकूब' होते. काय रुबाबदार शब्द आहे! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस निघते, तिच्यातच लिहिलेले असते, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल. सभा भरायच्या आधीच ती न भरण्याची सोय, आणि कुणाला त्यात लाजेचे कारण वाटत नाही. खटल्याला 'पुढची तारीख' मिळते. कर्जाला 'मुदतवाढ' मिळते, म्हणजे जवळजवळ पगारवाढच. मुलाखत मात्र 'पुढे ढकलायची', नाहीतर 'लांबणीवर टाकायची'. ढकलायची ती हातगाडी आणि टाकायचा तो केर. अर्जदाराची मान विषयाच्या ओळीतच खाली जाते.

त्यानंतर येते ते 'तरी'. मराठी अर्जातल्या या 'तरी'वर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. एरवी 'तरी' म्हणजे 'असे असूनही'. 'पाऊस होता, तरी गेलो.' पण अर्जात शिरले की ते एकदम 'म्हणून' होते. 'माझी प्रकृती बरी नाही, तरी साहेबांनी कृपा करून...' वाचणाऱ्या साहेबाला क्षणभर वाटते, की प्रकृती बरी नसतानाही हा काहीतरी पराक्रम करणार आहे. पुढच्या ओळीत कळते, की पराक्रम साहेबाने करायचा आहे.

पुण्यात आप्पा बळवंत चौकात पत्रलेखनाची पुस्तके मिळतात. हा लेख लिहायचा म्हणून त्यातली तीन-चार चाळली. (विकत घेतली नाहीत. समीक्षकाने पुस्तक विकत घ्यावे, अशी आपल्याकडे प्रथा नाही.) या पुस्तकांतल्या नमुनापत्रांचा नायक अ. ब. क. नावाचा एक गृहस्थ असतो. हा मोठा सालस माणूस. पंधरा दिवस आधी पत्र लिहितो, वळणदार भाषा वापरतो, वरिष्ठांना मुख्य मजकुरापेक्षा जास्त जागा देतो. पण त्याची प्रकृती भयंकर. कुठलीही तारीख पुढे न्यायची म्हटली, की त्याला ताप येतो. तो तापही शिस्तीचा : मुलाखतीच्या आदल्या दिवशी चढणार, आणि ज्या दिवशी त्याला यायला सोयीचे, त्याच्या आदल्या दिवशी उतरणार. ताप नसेल तर जवळचे नातेवाईक अत्यवस्थ असतात. तेही नसेल तर 'काही अपरिहार्य कारणास्तव', म्हणजे थाप मारायचासुद्धा ज्याला कंटाळा आला आहे, अशा माणसाचे कारण.

नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी हा काव्याचा आत्मा म्हटले आहे. शब्द सांगतात एक आणि ऐकू येते दुसरेच, ते खरे काव्य. त्या कसोटीला अ. ब. क. पुरेपूर उतरतो. अभिधा म्हणते, 'मला ताप आहे.' लक्षणा म्हणते, 'मी घरीच आहे.' आणि व्यंजना म्हणते, 'अभ्यास झालेला नाही हो!' गंमत म्हणजे हा ध्वनी ज्याला ऐकू येऊ नये, त्यालाच सर्वांत आधी ऐकू येतो. मुलाखत घेणाऱ्याने स्वतः कधीतरी याच तापावर रजा घेतलेली असते.

माझा आक्षेप इथे आहे. या सगळ्या पुस्तकांत, इतक्या तापांत आणि अत्यवस्थ नातेवाइकांत, एकही उमेदवार मला असा भेटला नाही, जो सरळ म्हणेल : 'मला तयारीला दोन दिवस हवे आहेत.' आपल्याकडे परीक्षेच्या आधी वर्गाबाहेर उभे राहून 'काहीच अभ्यास झाला नाही रे' असे दहा जणांना सांगायची रीत आहे. (सांगणारा हमखास पहिला येतो.) मित्रांना खोटे सांगायला ज्याची जीभ अडखळत नाही, तोच परीक्षकाला खरे सांगायची वेळ आली की आजारी पडतो. लायक माणूस जन्मतः तयार असतो आणि तयारी ही लपूनछपून करायची गोष्ट आहे, असे काहीतरी आपल्या डोक्यात बसले आहे.

ही लाज फक्त माणसाला आहे, कागदाला नाही. वाणिज्य शाखेत मी जे चार गोष्टी शिकलो, त्यात १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट होता. त्याचे बाविसावे कलम वाचताना मला नेहमी भरून येते. मुदतीची हुंडी किंवा वचनचिठ्ठी ज्या दिवशी देय म्हणून लिहिलेली असते, त्या दिवशी ती पिकतच नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी पिकते. हे तीन दिवस सवलतीचे. इंग्रजाने दिलेले, आणि तो गेल्यावरही आपण काढून न घेतलेले. कुणी विचारत नाही, की बाई हुंडी, तुला ताप आहे का? वर्षाचा विम्याचा हप्ता चुकला तर महिनाभर सवलत आहे. कर्जाचा हप्ता थकला तर नव्वद दिवस जावे लागतात, तेव्हा कुठे आमची बँक त्या खात्याला 'अनुत्पादक' असे नाव ठेवते, आणि तेही चारचौघांत नाही. दिवाणी दाव्यात एका पक्षाला तीनदा तारीख वाढवून मागता येते, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत छापलेले आहे. (छापलेले आहे, एवढेच मी म्हणतो. कोर्टाच्या आवारात जाऊन मोजू नये.) म्हणजे हुंडीला तीन दिवस, थकबाकीदाराला तीन महिने, वादी-प्रतिवादींना तीन तारखा, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने दोन दिवस मागायचे म्हटले, तर त्याच्या आजीला इस्पितळात घालावे लागते.

कुणी म्हणेल, की कारण एक सांगून तयारी दुसरी करणे ही तर आपली थोर परंपरा आहे. आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. १६५९ साली अफझलखान वाईला तळ देऊन बसला होता आणि भेट तिथेच व्हावी, असा त्याचा आग्रह होता. महाराजांनी आपल्याला भीती वाटते, असे कळवले आणि खानालाच जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यायला लावले. स्थळ बदलले, दिवस मिळाले, तयारी झाली, आणि १० नोव्हेंबरला जे व्हायचे ते झाले. मुलाखतीचे ठिकाण बदलून मागण्याचा इतका यशस्वी प्रयत्न जगाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. पण तो खान होता. त्याला खरे सांगायचे नसते. नोकरी देणारा माणूस खान नव्हे. ज्याच्या हाताखाली पुढची तीस वर्षे काढायची, त्याच्याशी पहिला पत्रव्यवहार गनिमी काव्याने करण्यात शहाणपण नाही. (काही वरिष्ठांचा अनुभव वेगळा आहे, पण तो नोकरी लागल्यानंतरचा.)

अर्थात काही दारे अशी आहेत, की तिथे खरे सांगा नाहीतर खोटे सांगा, उपयोग सारखाच. केंद्रीय लोकसेवा आयोगाची व्यक्तिमत्त्व चाचणी २७५ गुणांची असते आणि ठरलेली तारीख-वेळ बदलण्याची विनंती एरवी मान्य होणार नाही, असे आयोग आधीच जाहीर करतो. तिथे हा वाङ्मयप्रकार उगवायच्या आधीच खुडलेला आहे. बँकांच्या अधिकारी भरतीत मुलाखत शंभर गुणांची. तिच्या जाहिरातीत एक फार सुंदर परिच्छेद असतो. उमेदवाराने दिवस किंवा केंद्र बदलून मागितल्यास विचार केला जाणार नाही. भरती करणाऱ्यांना मात्र अनपेक्षित परिस्थितीत दिवस, वेळ, जागा बदलण्याचा अधिकार राहील. उमेदवाराच्या घरी अनपेक्षित परिस्थिती येत नाही, असे गृहीत धरलेले आहे. शैली म्हणून हा परिच्छेद निर्दोष आहे. एकही शब्द जास्त नाही आणि आशेला कुठे फट नाही. लिपिकांच्या भरतीतून तर मुलाखत उठवूनच टाकली. २०१५ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून खालच्या पदांच्या मुलाखती बंद करण्याची गोष्ट काढली, २०१६ च्या आरंभापासून केंद्र सरकारच्या खालच्या पदांना मुलाखती राहिल्या नाहीत, आणि बँकांच्या कारकुनांचाही त्यात उद्धार झाला. आमच्या वेळी आम्हाला समोर बसवून 'बँकेतच का यावंसं वाटतं?' असे विचारत. आता ते विचारत नाहीत. उत्तर सगळ्यांना माहीत झाले असावे.

आता मुलाखती उरल्या त्या मुख्यतः खासगी नोकऱ्यांत, आणि तिथे समोर परिपत्रक नसून माणूस असतो. म्हणून तिथे हा अर्ज चालतो. तो कसा चालतो, हे मला या वर्षी जवळून पाहायला मिळाले.

माझी भाची साताऱ्याला असते. बी.कॉम. होऊन दोन वर्षे झाली. त्यातले शेवटचे सबंध वर्ष तिने बँकेच्या परीक्षांत घातले. त्या परीक्षांत सात माणसे सात मजल्यांवर राहतात, त्यांतला कुणीही आपल्या मजल्याचा आकडा सरळ सांगत नाही, आणि आपण तो शोधून काढायचा असतो. भाची त्यात इतकी तरबेज झाली, की आमच्या इमारतीत आली तरी लिफ्टमध्ये संशयाने बघायची. मधल्या काळात जमाखर्च, जीएसटी, टॅली सगळे विस्मरणात गेले. आणि एका सोमवारी संध्याकाळी पुण्याच्या एका कंपनीची ई-मेल आली : हिशेब विभागातील जागेसाठी परवा, बुधवारी सकाळी ११ वाजता मुलाखतीस यावे.

मी सहज म्हणून बहिणीकडे गेलेला होतो. तिथे त्या रात्री जे घडले, त्याला सामूहिक लेखन म्हणतात.

दाजींनी पहिला मसुदा तोंडी सांगितला. "लिही, आजीची तब्येत अचानक बिघडली."

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या दाजींच्या आई एकदम ताठ झाल्या. "मला काय धाड भरलीय?"

"आई, नुसतं लिहायचंय गं."

"लिहायचंय तर तुझ्या सासूचं लिही."

दाजींची सासू म्हणजे माझी आई. तेव्हा मला मधे पडावे लागले. समीक्षकाने निःपक्षपाती राहावे हे खरे, पण आईच्या बाबतीत मला ते जमत नाही.

भाचीने दुसरा मसुदा मोबाइलकडून लिहून घेतला. हल्ली तीही सोय झाली आहे. काय हवे ते सांगायचे, अर्ज तयार. इंग्रजी उत्तम होते. सुरुवातीला वाचणाऱ्याचे कुशल चिंतिले होते, मग तीनदा आभार मानले होते, मग ही संधी मिळाल्यामुळे आपण किती रोमांचित झालो आहोत याचे वर्णन होते, आणि चौथ्या परिच्छेदात कुठेतरी 'पूर्वनियोजित बांधिलकी' उभी होती. "मामा, कसं आहे?" तिने विचारले. मी म्हटले, "छान आहे. कुणाचं आहे?" अ. ब. क. चा ताप गेला आणि त्याला इंग्रजी आले, एवढाच फरक. चार परिच्छेदांत भाची मला कुठेच दिसली नाही.

ती थोडी रागावली, मग एकटीच आत जाऊन बसली आणि पंधरा मिनिटांनी एक चिठोरे घेऊन आली. पत्र इंग्रजीत गेले; त्याचा मराठी तर्जुमा असा :

'महोदया, बुधवारच्या मुलाखतीचे आपले पत्र आज मिळाले, आभारी आहे. गेले वर्षभर मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होते. त्यामुळे हिशेबाच्या कामाची उजळणी करायला मला दोन दिवस मिळाले तर बरे होईल. शुक्रवारी किंवा सोमवारी मी कोणत्याही वेळी येऊ शकते. ते आपल्याला शक्य नसेल, तर बुधवारी ११ वाजता मी हजर आहे.'

दाजी म्हणाले, "हे म्हणजे आपण होऊन सांगितल्यासारखं झालं, की मला काही येत नाही."

मला तसे वाटले नाही, आणि ते मी माझ्या परीने पटवायचा प्रयत्न केला. एक तर थाप हे कर्ज आहे आणि तिचा व्याजदर फार. आजी आजारी म्हटले, की शुक्रवारी मुलाखतीत पहिला प्रश्न, 'आता कशा आहेत?' मग आजीचा आजार ठरवा, डॉक्टर ठरवा, चेहरा पाडून बसा. जीएसटी राहिला बाजूला. दुसरे, या पत्रात 'मला येत नाही' असे कुठे आहे? 'उजळणी' आहे. उजळणी एकदा शिकलेल्याचीच होते. तिसरे, तिने दोन दिवस मागितले, महिना नाही. आणि दोन वार आपण होऊन दिले, म्हणजे समोरच्याला कॅलेंडर उघडून बसायला लावले नाही. पण सगळ्यांत मला आवडले ते शेवटचे वाक्य. सबंध अर्ज तोवर हात जोडून उभा असतो. 'बुधवारी ११ वाजता मी हजर आहे' म्हटल्याबरोबर तो हात सोडतो. ते वाक्य नसते, तर वाचणाऱ्या बाईंनी यादीतल्या तिच्या नावावर सरळ काट मारली असती आणि त्यांना दोष देता आला नसता. माझ्या वाचनात आलेल्या हजारो अर्जांत शेवट साधलेले फार थोडे. बहुतेक जण 'आपला कृपाभिलाषी' म्हणून पायऱ्यांवरच बसकण मारतात.

एक सुधारणा मी सुचवली : पत्र रात्री न पाठवता सकाळी नऊला पाठवावे. रात्री साडेअकराला आलेला खरेपणा वाचणाऱ्याला घाबरट वाटतो. तिने ऐकले नाही. दहाच मिनिटांत पाठवून टाकले आणि वही काढून बसली. तिचे म्हणणे, "नाही म्हणाले तर उद्याचा एकच दिवस आहे ना मामा." यावर समीक्षेला उत्तर नव्हते.

मंगळवारी दुपारी उत्तर आले. दोन ओळींचे. बुधवारी २० तारीख आहे. त्या दिवशी जीएसटीच्या विवरणपत्राची मुदत संपत असल्यामुळे आमच्याकडेही सगळे कामात असतील, हे तारीख ठरवताना पाहायचे राहिले. शुक्रवारी दुपारी ३ वाजता मूळ प्रमाणपत्रे घेऊन यावे.

भाचीने ते आम्हाला वाचून दाखवले. दाजींनी स्वतः दोनदा वाचले, चष्मा काढला आणि पुसला. दर महिन्याच्या २० तारखेला ३बी हे विवरणपत्र भरायचे असते, हे भाचीने सकाळीच उजळणीत वाचले होते. ते परवाच्या तारखेला लागू पडते, हे मात्र तिच्याही लक्षात आले नव्हते. तिने वहीत त्या ओळीखाली रेघ मारली आणि पुढचे पान उलटले.

एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मग काय ठरलं? मी आजारी आहे की नाही?"

"नाही आई," दाजी म्हणाले.

"मग ती खिचडी कुणासाठी टाकलीय?" आजींनी विचारले. "मला नीट जेवायला वाढा."